बिनकाचेचा फोटो

दर दहा वर्षांनी हे घराणं स्वतःला आंधळं करून घेतं आणि मग फोटोला उभं राहतं.

यात अतिशयोक्ती काही नाही. चष्म्याच्या दुकानाचा फोटो म्हणजे फोटोतल्या प्रत्येकाच्या नाकावर चष्मा हवाच, आणि चष्म्याला काच असली की फोटोग्राफरच्या दिव्याचा पांढरा ठिपका नेमका डोळ्यावर येतो. यावर दुकान काढणाऱ्या थोरल्यांनी पहिल्याच फोटोच्या वेळी तोडगा काढला होता. सगळ्यांच्या काचा काढायच्या, नुसत्या फ्रेमा घालून उभं राहायचं आणि फोटो झाला की काचा परत बसवायच्या. तोडगा नामी होता. फक्त तेवढा अर्धा तास घरातल्या कुणालाच समोरचं काही दिसायचं नाही. भिंतीवरचे तिन्ही फोटो नीट पाहिले तर प्रत्येकाची नजर वेगळ्या दिशेला आहे आणि चेहऱ्यावर एक उदात्त, दूरवर पाहणारा भाव आहे. गिऱ्हाइकांना तो खानदानीपणा वाटतो. प्रत्यक्षात तो कुणाचा उणे पाच आहे, कुणाचा उणे सहा.

आज चौथा फोटो. दुकानाला सुट्टी होती, शटर अर्धं खाली होतं, आणि धाकटी सून मागच्या खोलीत स्क्रूड्रायव्हर, ट्रे आणि चिठ्ठ्या मांडून बसली होती. काचा काढणं-बसवणं हे काम तिचं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा स्वयंपाक येतो का, हे कुणी विचारलं नव्हतं. बारीक स्क्रू हातातून निसटतो का, ते मात्र तिघांनी आळीपाळीने तपासलं होतं. नोकरीच्या मुलाखतीत पास झाली, म्हणून सून झाली.

आणि याच घरात, याच दुकानात, तिची सात वर्षांची भिंगरी सहा महिन्यांपूर्वी डोळे मिचकावायला लागली.

दुसऱ्या कुठल्याही घरात पोर डोळे मिचकावायला लागलं असतं तर लोकांनी आधी चार दिवस वाट पाहिली असती. इथे त्याच संध्याकाळी तिला अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवलं. आजोबांनी, म्हणजे थोरल्यांनी, स्वतः तपासलं आणि पाव नंबर काढला. रस्त्यापलीकडे चार वर्षांपूर्वी स्वतंत्र दुकान थाटलेल्या नणंदबाईंना ते कळलं. त्या आपलं शिक्षण, पदवी आणि नवं यंत्र घेऊन मैदानात उतरल्या, पाव नंबर साफ खोडून काढला आणि निळा प्रकाश अडवणाऱ्या काचा दिल्या. मोठ्या भाऊजींना डोळ्यांतलं फार कळत नाही, ते गल्ला सांभाळतात. पण आपण मागे राहू नये म्हणून त्यांनीही एक 'विश्रांतीचा चष्मा' आणून दिला. त्यात नेमकं काय विश्रांती घेतं, ते त्यांनाही सांगता आलं नाही. आता भिंगरीच्या दप्तरात तीन चष्मे होते आणि समोर कोण आहे ते बघून ती बरोबर तो चढवायची. पोरगी हुशार, यात वाद नव्हता.

एक मात्र झालं. चार वर्षं अबोला धरलेले बाप-लेक, थोरले आणि नणंदबाई, भिंगरीच्या डोळ्यांवरून पुन्हा बोलायला लागले. बोलणं म्हणजे भांडणच, रस्त्याच्या या टोकावरून त्या टोकाला, पण चिठ्ठ्यांऐवजी तोंडाने. भाऊजींना गहिवरून आलं. "पोरीने घर जोडलं बघ," ते धाकटीला म्हणाले होते. घर जोडायला पोरीच्या पापण्या मिनिटाला वीसदा खाली-वर होत होत्या, पण एवढ्या मोठ्या कार्यात तेवढं चालायचंच.

मग महिन्याभरात डोळे जरा थांबले आणि खांदा उडायला लागला. उजवा खांदा कानाकडे झेप घ्यायचा आणि मान तिरकी व्हायची. खांद्याला कोणत्या नंबरची काच द्यावी, ते तिन्ही तज्ज्ञांपैकी एकालाही सुचलं नाही. वर गेल्या पंधरवड्यापासून घशातून 'हुं' असा आवाज. तेव्हा कुठे धाकटी कुणाला न विचारता पोरीला घेऊन मुलांच्या मेंदूविकारांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

ते आज सांगायचं होतं. फोटोच्या आधी.

"मेंदूचे डॉक्टर?" जाऊबाई काउंटरच्या काचेवर फडकं फिरवायच्या थांबल्या. "अगंबाई! एवढ्या थराला गेलंय?"

"थराला वगैरे काही गेलेलं नाही, जाऊबाई. त्याला टिक म्हणतात. मुलांच्यात होतं, पुष्कळ मुलांच्यात होतं. ती मुद्दाम करत नाही. शिंक येते तसं आतून येतं, थोडा वेळ दाबून ठेवता येतं, पण मग दुप्पट होऊन बाहेर पडतं. टोकायचं नाही, थांबव म्हणायचं नाही, तिच्या तोंडाकडे टक लावून बघायचं नाही."

हे ऐकून पाचही जणांनी एकदम वळून भिंगरीच्या तोंडाकडे टक लावून बघितलं.

भिंगरी आरशांच्या रांगेपाशी होती. दुकानात लहान-मोठे एकोणतीस आरसे. एका खांद्याने उसळी मारली की एकोणतीस खांदे उसळायचे. 'हुं,' ती म्हणाली.

"मला वाटलंच होतं," नणंदबाई म्हणाल्या. त्यांना प्रत्येक गोष्ट आधीच वाटलेली असते. "मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं, हे डोळ्याचं नाही."

"तू निळ्या काचा दिल्यास, ताई," धाकटीचा नवरा हळूच म्हणाला.

"त्या डोळ्यांना चांगल्याच असतात!"

"औषध काय दिलं?" भाऊजींनी मुद्द्यावर हात ठेवला.

"सध्या काही नाही. तिला त्रास होत असेल तर काही उपाय आहेत म्हणाल्या, काही सराव असतात. बऱ्याच मुलांचं वयाबरोबर कमी होतं. काहींचं येत-जात राहतं. शाळेत सांगून ठेवा म्हणाल्या."

"म्हणजे फी घेतली आणि दुर्लक्ष करा असं सांगितलं." भाऊजींनी मान हलवली. "धंदा असावा तर असा."

"आमच्याकडे एक मुलगा होता शेजारी," जाऊबाईंनी सुरुवात केली, "तोही असाच..."

"मग? काय झालं त्याचं?"

"काय माहीत. ते लोक घर सोडून गेले."

जाऊबाईंच्या गोष्टी अशाच असतात. पोटात गोळा आणायचा आणि शेवट सांगायचा नाही.

थोरले कोपऱ्यातल्या त्यांच्या खुर्चीत बसून ऐकत होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, ताठ, काळ्या जाड फ्रेमचा चष्मा. दुकानाच्या पाटीवर नावाच्या शेजारी जो चष्मा रंगवलाय, तो हाच. त्यांनी एक बोट वर नेलं आणि चष्मा नाकावर सारला.

सगळे गप्प झाले. या घरात थोरल्यांनी चष्मा वर सारला की विषय संपला. फार पूर्वीपासून तसंच आहे. भाऊजींचं लग्न असंच ठरलं, मागची खोली अशीच वाढवली गेली. चार वर्षांपूर्वी नणंदबाई "मी स्वतःचं दुकान काढते" म्हणाल्या तेव्हा थोरल्यांनी चष्मा वर सारून तोंड फिरवलं, आणि त्याच पावली नणंदबाई उंबरा ओलांडून गेल्या त्या गेल्याच. थोरले कमी बोलतात. घरातल्यांनी त्यांच्या बोटाचं भाषांतर करायला शिकून घेतलंय आणि आपलं भाषांतर चुकेल, अशी शंका कुणालाच कधी आलेली नाही.

"बाबांनाही पटलंय म्हणजे," भाऊजी घसा खाकरून म्हणाले. "मग मी बोलूनच टाकतो. हे बघ धाकटे, वाईट वाटून घेऊ नकोस. हा फोटो या वेळी आत भिंतीवर नाही लागणार, बाहेर लागणार. शटरच्या वर, आठ फूट बाय पाच. येणारा-जाणारा बघणार. आणि त्यात चष्मेवाल्याचीच नात डोळे मिटून, तोंड वाकडं करून उभी. लोक काय म्हणतील? यांना घरच्या पोरीचा नंबर काढता येत नाही, आमचा काय काढणार?"

"तिला नंबरच नाहीये, भाऊजी."

"ते तुला-मला माहीत. रस्त्यावरच्या माणसाला कोण समजावणार? तिचा वेगळा फोटो काढू. एकटीचा, छानसा. दहा-वीस काढू, त्यातला एखादा येईलच ना नीट."

"वर घरात माझ्याजवळ बसेल ती," जाऊबाई म्हणाल्या. "नाहीतरी मला फोटोत जाड दिसायची हौस नाही."

धाकटीने नणंदबाईंकडे पाहिलं. बाकी कुणी नाही तरी त्या बोलतील, असं तिला वाटलं. शिकलेल्या आहेत, भाचीवर जीव आहे. नणंदबाईंनी पर्सची चेन उघडली, लावली. चार वर्षांनी त्या या दुकानाची पायरी चढल्या होत्या, तीही या फोटोसाठी. "एका फोटोचा तर प्रश्न आहे," त्या म्हणाल्या. "आज नको ना वाद. बाबांचं वय बघ."

मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा बुटाच्या नाडीकडे बघत होता. "बघू ना," तो म्हणाला. आयुष्यातल्या सगळ्या पेचप्रसंगांवर त्याच्याकडे हे एकच औषध आहे, आणि तो ते सढळ हाताने वाटतो.

धाकटीच्या जिभेवर चांगली चार-पाच उत्तरं होती, एकाहून एक झोंबणारी. पण तेवढ्यात भिंगरी आरशातूनच म्हणाली, "मी थांबवते, मोठे काका. मला येतं आता. बघा."

ती ताठ उभी राहिली. डाव्या हाताने तिने उजवा खांदा घट्ट धरला, ओठ आवळले आणि श्वास रोखला. चेहरा लाल झाला. डोळे इतके ताणले की पाणी आलं. एकोणतीस आरशांत एकोणतीस मुली स्वतःलाच पकडून उभ्या होत्या.

"बघ! जमतंय की!" भाऊजी खूश झाले.

"कधीपासून करतेस हे?" धाकटीने विचारलं.

भिंगरीने श्वास सोडला, आणि दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. खांदा, मान, डोळे, हुं, हुं, हुं. "तू म्हणालीस ना, एक मिनिट हलली नाहीस तर सायकल आणू. मी बाथरूममध्ये रोज करते. काल चाळीसपर्यंत झालं."

झालं. म्हणजे बाकीच्यांवर डाफरायची सोयही संपली. डॉक्टरीणबाईंकडे जायच्या आधी, एका वैतागलेल्या सकाळी, वेणी घालताना भिंगरीचा खांदा चौथ्यांदा उडाला तेव्हा धाकटीच तसं बोलून गेली होती. बोलून गेली आणि विसरली. पोरगी विसरली नव्हती. दार लावून बाथरूममध्ये सायकल कमवत होती. धाकटीला इतकी स्वतःची लाज वाटली की ती ट्रे उचलून मागच्या खोलीत गेली.

काम बरं असतं. भाऊजींची फ्रेम, जाऊबाईंची, नवऱ्याची. प्रत्येक चष्मा आधी नंबर वाचणाऱ्या यंत्राखाली धरायचा, उजव्या-डाव्या काचेचा नंबर चिठ्ठीवर लिहायचा, मगच काच काढायची. मोजल्याशिवाय काच काढायची नाही, हा थोरल्यांचा नियम. पहिल्या फोटोच्या वेळी काचांची अदलाबदल झाली होती आणि भाऊजी आठ दिवस आईच्या काचा लावून शाळेत गेले होते. कुणाच्या लक्षात आलं नाही. मार्क नेहमीसारखेच पडले.

थोरल्यांच्या चष्म्याला कधी कुणी हात लावायचा नाही. स्वतःच्या काचा ते स्वतःच काढायचे, स्वतःच बसवायचे. पण आज त्यांच्या बोटांनी दगा दिला. स्क्रू दोनदा खाली पडला आणि दोन्ही वेळा भिंगरीने टेबलाखालून शोधून दिला. मग त्यांनी नाइलाजाने चष्मा मागच्या खोलीत पाठवला, निरोपासकट: 'नुसत्या काचा काढ. मोजत बसू नकोस.'

धाकटीने मोजलं. हट्ट म्हणून नव्हे. अकरा वर्षांची हाताची सवय.

मग यंत्र बिघडलंय का पाहिलं. भाऊजींची काच पुन्हा ठेवली. उणे पाच, बरोबर. थोरल्यांची पुन्हा ठेवली.

शून्य. उजवी शून्य, डावी शून्य. ना आडवा नंबर, ना उभा. खिडकीला लावायची काच आणि ही काच यात फरक एवढाच की ही जास्त स्वच्छ होती. वाचायला ते खिशातून वेगळा चष्मा काढायचे, तो खरा होता, तो तिनेच बनवला होता. पण हा? पाटीवरचा? ज्याच्यावर भाऊजींनी पत्रक छापलं होतं, की 'लहानपणी स्वतःची नजर अधू असल्याने संस्थापकांनी इतरांना दृष्टी देण्याचा ध्यास घेतला'?

"मोजलंस," दारातून आवाज आला.

"तुम्हीच लावलेली सवय आहे, बाबा."

थोरले आत आले, दार लोटलं आणि स्टुलावर बसले. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा तिने कधी पाहिलाच नव्हता. आता पाहिला. नाकाची डावी बाजू एकदम आक्रसून वर गेली, वरचा ओठ ओढला गेला आणि लगेच सगळं जागेवर आलं. मग त्यांचं बोट सवयीने वर गेलं आणि उघड्या नाकावर आपटलं. चष्मा नव्हता ना.

धाकटी बघतच राहिली. टक लावून बघायचं नसतं, हे तासाभरापूर्वी तीच सगळ्यांना शिकवत होती.

"तिच्याएवढा होतो," थोरले म्हणाले. "आधी डोळे. मास्तर वर्गाबाहेर उभं करायचे. बाप चष्मेवाल्याकडे घेऊन गेला. तो भला माणूस, म्हणाला, पोराचे डोळे ठणठणीत आहेत, तुमच्या समाधानासाठी साधी काच देतो. बापाने 'काच देतो' एवढंच ऐकलं. पुढे डोळे थांबले आणि नाक सुरू झालं. पण तोवर चष्मा होता. नाक उडालं की बोट न्यायचं, चष्मा सारायचा. लोकांना वाटायचं, घसरतोय."

"आणि तुम्ही तिथेच काम धरलंत."

"त्या दुकानात माझ्याकडे कुणी बघायचं नाही. जो तो आपल्या नंबरात."

म्हणजे हे सगळं, पाटी, पत्रक, तीन फोटो, चौथ्या फोटोचा वाद, सगळं एका चुकीच्या चष्म्यातून उभं राहिलं होतं. एरवी धाकटी पोट धरून हसली असती. आता तिला वेगळंच काहीतरी सुचत होतं, आणि ते सुचलं तसा तिचा आवाज चढला. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं. भिंगरीला पहिल्या दिवशी तपासलंत तेव्हाच कळलं होतं तुम्हाला. आणि तरी पाव नंबर दिलात?"

"हो."

"का?"

"माझं भागलं ना." नाक पुन्हा वर गेलं. "वाटलं, तिचंही भागेल."

तिने यंत्राचा दिवा बंद केला, पुन्हा लावला. "जातं का हो हे?"

"माझं नाही गेलं. कमी झालं, वाढलं, परत कमी झालं. डॉक्टरीणबाई म्हणतात तर पुष्कळांचं जात असेल. मी काही कुठे दाखवायला गेलो नाही. तुझ्या सासूला ठाऊक होतं. आणखी कुणाला नाही."

"सत्तर वर्षं," धाकटी म्हणाली. "बाबा, तिनेही सत्तर वर्षं असंच भागवायचं का? दार लावून?"

थोरल्यांनी हात पुढे केला. "फ्रेम दे."

"मी कुणाला सांगणार नाही," ती काचा काढून फ्रेम त्यांच्या हातात देत म्हणाली. "पण भिंगरी फोटोत उभी राहणार. मधोमध. तुम्ही नाही म्हणालात तर आम्ही तिघंही नाही. तुमच्या धाकट्या मुलाला मी ओढून नेईन, 'बघू ना' म्हणायच्या आत."

ते उठले, फ्रेम डोळ्यांवर चढवली आणि निघून गेले. काय ठरवलं, ते कळायला त्यांचं बोटही वर गेलं नाही.

फोटोग्राफर आला तेव्हा सगळ्यांच्या काचा ट्रेमध्ये होत्या आणि घराणं नेहमीप्रमाणे आंधळं झालं होतं. भाऊजी फोटोग्राफरऐवजी कपाटाला "या, या" म्हणाले. जाऊबाई नणंदबाईंच्या पायावर उभ्या राहिल्या आणि चार वर्षांत मनात साचलेलं सगळं त्या एका पावलात उतरलं की काय, अशी नणंदबाईंनी किंकाळी फोडली. धाकटीने स्वतःच्या काचा सगळ्यांत शेवटी काढल्या. उणे चार. दुकान विरघळलं, माणसांचे रंगीत डाग झाले. तिने भिंगरीचा हात घट्ट धरला आणि डागांच्या रांगेत मधोमध जाऊन उभी राहिली.

"धाकटे," भाऊजींचा निळा डाग म्हणाला, "आपलं ठरलं होतं ना?"

"तुमचं ठरलं होतं."

"बाबा, तुम्हीच सांगा तिला!"

"भिंगरी," थोरल्यांचा आवाज आला, "इकडे ये. माझ्यापुढे उभी राहा."

भिंगरीचा हात तिच्या हातातून सुटला. धाकटीने कान टवकारले. नेऊन वर बसवतात की काय, तेही दिसत नव्हतं. पण पावलं दोनच वाजली. पोरगी पुढेच उभी राहिली असावी.

"एकदम स्तब्ध," फोटोग्राफर म्हणाला. "तीन म्हणेपर्यंत कुणी हलू नका. एक... दोन..."

श्वास रोखल्याचा आवाज ऐकू येतो, हे धाकटीला तेव्हा कळलं. पोरगी खांदा धरून उभी असणार. तोंड लाल झालेलं असणार.

"सोड तो खांदा," थोरले म्हणाले. "उडू दे."

"आजोबा, फोटो..."

"माझ्याकडे बघ."

फ्रेमची काडी मिटल्याचा आवाज आला. मग भिंगरी किंचाळली, आनंदाने. "आजोबा पण! आजोबा पण करतात! आई, आजोबांचं नाक बघ! परत! परत केलं!"

कुणाला काय दिसणार? सहा चष्मेवाले रांगेत उभे होते आणि ज्यांना धड दिसत होतं अशी माणसं दुकानात होती तीन: फोटोग्राफर, भिंगरी आणि थोरले.

"बाबा, काय करताय तुम्ही?" नणंदबाई म्हणाल्या.

"काही नाही. फ्रेम काढली. नाक उडतं माझं. सत्तर वर्षं झाली."

"उडतं म्हणजे? आणि चष्मा?"

"चष्म्याचा नंबर धाकटीला विचार."

"शून्य," धाकटी म्हणाली. तिला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, दोन्ही एकदम. "दोन्ही डोळे."

"पत्रक छापलंय मी!" भाऊजी म्हणाले. "दोन हजार!"

"थांब जरा." नणंदबाईंचा आवाज बारीक झाला. "बाबा, म्हणजे तुम्ही चष्मा वर करता, ते... मी दुकानाचं सांगायला आले होते त्या दिवशी, तुम्ही चष्मा वर सारलात आणि तोंड फिरवलंत..."

"नाक थांबत नव्हतं त्या दिवशी. तुला दिसू नये म्हणून फिरवलं."

"आणि मी चार वर्षं..."

"मला वाटलं, तुला जायचंच होतं."

नणंदबाईंनी नाक ओढल्याचा आवाज आला. भाऊजी बहुतेक आपल्या लग्नाचा विचार करत असावेत, कारण जाऊबाई एकदम म्हणाल्या, "गप्प का झालात हो?"

फोटोग्राफर बिचारा तीन म्हणावं की नाही, या विचारात होता. सवयीने त्याने बटण मात्र दाबलं होतं, दोनदा-तीनदा. शटरवर आज जो आठ फूट बाय पाचचा फोटो आहे, तो त्यातलाच. मधोमध उघड्या चेहऱ्याचा म्हातारा नाक आक्रसून, त्याच्यापुढे एक मुलगी खांदा उडवून, डोळे गच्च मिटून हसतेय, आणि मागे चार उदात्त माणसं चार दिशांना बघतायत. पाचवा धाकटीचा नवरा. त्याचा हात पुढे आलेला आहे, अंदाजाने, पोरीकडे, आणि जाऊबाईंच्या डोक्यावर पडला आहे. भाऊजी तो फोटो लावायला राजी नव्हते. थोरल्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आपला निर्णय तोंडाने सांगितला, "हाच लावायचा."

पण ते पुढे. त्या क्षणी दुकानात शांतता होती आणि कुणी जागचं हलत नव्हतं, कारण कुणाला वाटच दिसत नव्हती. त्या शांततेत भिंगरीचा आवाज आला, अगदी सहज, शाळेतल्या मैत्रिणीला विचारावं तसा.

"आजोबा, दुखतं का हो तुमचं नाक?"

"संध्याकाळी दुखतं. ओढून ओढून. तुझं काय दुखतं?"

"मान. या बाजूला. झोपताना जास्त."

सहा महिने. तीन चष्मे, दोन यंत्रं, एक सायकल. डोळे तपासले, घसा तपासला, वर टॉर्च मारून कानही पाहिले होते कुणीतरी. लोक काय म्हणतील, हे विचारून झालं होतं. थांबेल का, हे दिवसातून दहादा विचारून झालं होतं. तुला दुखतं का, हे तिला कुणीच विचारलं नव्हतं. तिच्या आईनेसुद्धा नाही.

धाकटी आवाजाच्या दिशेने निघाली. खुर्चीला ठेचकाळली, काउंटरचा कोपरा मांडीत घुसला, कुणाचा तरी पाय तुडवला गेला. गुडघ्यांवर बसून तिने समोरच्या पिवळ्या डागाला हात लावला. तो उबदार होता आणि थोडा उडत होता.

"सायकल उद्या आणू," ती म्हणाली. "हललीस तरी. कुठे दुखतं, दाखव मला."

"तुला दिसत नाही ना आता."

"नाही दिसत."

"मग हात दे," भिंगरी म्हणाली. तिने आईची बोटं धरली आणि आपल्या मानेवर बरोबर जागेवर नेऊन ठेवली.